मी, माशाचा काटा

आधी एक गैरसमज दूर करतो. अंगावर येतो तो काटा मी नव्हे. घड्याळात फिरतो तो नव्हे, बाभळीला लागतो तोही नव्हे आणि सुरमईच्या तुकडीत दडून बसतो तो तर अजिबातच नव्हे. तुमच्याशी बोलतोय तो जेवणाच्या टेबलावरचा, मासा खाण्यासाठी खास घडवलेला, स्टीलचा माशाचा काटा. साध्या काट्यापेक्षा मी जरा बुटका आणि रुंद आहे, आणि माझ्या एका दाताला बाजूने खाच आहे. ती खाच कशासाठी, हे मला घडवणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने चित्रात बघितली आणि पाडली.

माझा जन्म भाईंदरच्या एका गाळ्यातला. पाठीवर मात्र 'पॅरिस' असा छाप मारला गेला, कारण 'भाईंदर' असा छाप मारलेली वस्तू लग्नात द्यायला लोकांना लाज वाटते. आम्हा सहा भावांना निळ्या मखमलीच्या डबीत निजवलं, वर सोनेरी फीत बांधली आणि पनवेलच्या एका भांड्यांच्या दुकानात मांडलं.

तिथून आमची जी यात्रा सुरू झाली, ती काय सांगू! आम्ही आहेरात गेलो. ज्यांना मिळालो त्यांनी डबी हलवून बघितली, 'काहीतरी शोभेचं दिसतंय' म्हणाले आणि कपाटावर ठेवली. पुढच्या लग्नात आम्ही दुसऱ्यांना गेलो, तिथून तिसऱ्यांना. फीत तीच, कागद तोच, फक्त वरचं नाव बदलायचं. एकदा तर आम्ही फिरून पहिल्याच घरी पोचलो आणि त्या बाईंनी 'अय्या, किती सुंदर!' म्हणून आमचं स्वागत केलं. माणसं एकमेकांवर किती प्रेम करतात, हे मी त्या डबीच्या अंधारात पडल्या पडल्या शिकलो.

शेवटी आम्ही नीता मॅडमच्या हाती लागलो. त्यांनी ती फीत चक्क सोडली. आजवर हे धाडस कुणी केलं नव्हतं. मला हातात घेऊन त्यांनी बराच वेळ निरखलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आपण फ्रेंच रेस्टॉरंट काढू या." सहा काट्यांच्या आधारावर अख्खं हॉटेल उभं करणारी बाई पनवेलमध्ये दुसरी नसेल.

जागा मिळाली ती ग्रिलची गेटं बनवणाऱ्या वर्कशॉपच्या शेजारचा गाळा. आत भिंतीला मंद पिवळा रंग, छताला मंद पिवळे दिवे, टेबलावर मेणबत्ती. इतका अंधार, की समोर आपलंच माणूस बसलंय याची खात्री करायला लोक मोबाइलची बॅटरी लावायचे. याला रोमँटिक म्हणतात, असं मला नंतर कळलं.

हॉटेलचं नाव फ्रेंच, अर्थ 'छोटं बंदर'. उरणचं बंदर जवळ, म्हणून हे नाव. पण पाटी मराठीतही हवी. मॅडमनी पेंटरला उच्चार करून दाखवला आणि त्याने ऐकलं तसं रंगवलं: 'ल पती पोर'. रस्त्याने जाणारी माणसं थांबून वाचायची. पती आहे, पोर आहे, मग बायको कुठाय, असा प्रश्न एकाने मॅडमना तोंडावर विचारला. मॅडमनी त्याला फ्रेंचमध्ये उत्तर दिलं, म्हणजे खांदे उडवले.

इथली गिऱ्हाइकं म्हणजे बघण्यासारखा प्रकार. आत येताना हातात हात घालून यायची. मेनूकार्ड उघडलं, की हात आपोआप सुटायचे आणि दोघांची बोटं उजवीकडच्या आकड्यांवरून खाली खाली सरकायची. मग सर्वांत स्वस्त पदार्थाचं नाव घ्यायचं, पण आवाज असा, की लहानपणापासून हेच खात आलोय. पदार्थ आला, की आधी त्याचा फोटो. मग त्याच्याबरोबर स्वतःचा फोटो. मग मला हातात धरून फोटो. तोवर पदार्थ थंडगार. खाऊन झाल्यावर 'अप्रतिम!' म्हणायचं आणि बाहेर पडून कोपऱ्यावरच्या गाडीवर दोन दोन वडापाव हाणायचे. मला मात्र कुणी मासा खायला वापरलं नाही. एकाने पाठ खाजवली, एका बाईंनी मोबाइलच्या भोकातली धूळ काढली.

आता मुख्य गोष्ट सांगतो. तिच्यामुळे माझ्या आयुष्याची दिशा बदलली.

एका सकाळी मॅडम आम्हाला लिंबाने घासत होत्या, तेवढ्यात फोन आला. मॅडमना फोन स्पीकरवर टाकायची सवय, त्यामुळे मी सगळं ऐकलं. उलव्याची प्राची नावाची मुलगी बोलत होती. आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस आहे, दोघांसाठी टेबल हवंय, अगदी कोपऱ्यातलं, शांत.

"शुअर, शुअर. काही स्पेशल?" मॅडमनी विचारलं.

"स्पेशल म्हणजे, मॅडम, ते दोघं बोलत नाहीत."

प्राचीच्या चुलतभावाच्या हळदीला सगळं गाव मांडवात जेवायला बसलं होतं. आचाऱ्याने केलेलं कालवण ओरपता ओरपता तिचे बाबा, तुळशीराम, मोठ्याने म्हणाले होते, "याला म्हनतात कालवन! आमच्या भामाच्या हाताची चव गेली आता." लोक हसले. भामाबाई तेव्हा हातात भाकरीची टोपली घेऊन वाढत होत्या. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं बंद केलं. स्वयंपाक वेळेवर, कपडे धुतलेले, पण तोंडातून शब्द नाही. अट एकच: चारचौघांत बोललात, चारचौघांत मागे घ्या.

"बाबा ऐकत नाहीत. खडी-रेतीचा धंदा आहे त्यांचा, गावात नाव आहे. माणसांसमोर मागे घेतलं तर नाक कापल्यासारखं होईल, म्हणतात. आणि आईने आता बॅग भरलीय. कोन गावाला मामाकडे जाते, परत येणार नाही, म्हणते. मी पाया पडले तेव्हा एक जेवण कबूल केलंय. जेवण झालं, की मामाने पाठवलेली रिक्षा तुमच्या दारातूनच तिला घेऊन जाणार. मॅडम, आजकाल चारचौघांत माफी वगैरे थोडंच असतं? दोघं एकांतात बसली, मनातलं बोलली, की सुटेल ना सगळं?"

"डोन्ट वरी," मॅडम म्हणाल्या, "आमचं वातावरणच तसं आहे."

चारचौघांत मिटायचं भांडण या मुलीने एकांताच्या दुकानात पाठवलं. मी काटा असून मला हे कळत होतं. पण मला कोण विचारतो?

ती दोघं आली. तुळशीराम पांढऱ्या शुभ्र शर्टात, गळ्यात जाड साखळी. भामाबाई जांभळ्या नऊवारीत, डोक्यात अबोलीचा गजरा, आणि हातात फुगलेली रेक्झिनची बॅग. बॅग त्यांनी पायाशी ठेवली आणि चेन थोडी उघडी होती ती आत बोट घालून चाचपली. तुळशीरामने ती बॅग बघितली आणि त्याचा चेहरा पडला. तसा तो कुणाला दिसला नसेल, तिथे अंधार होता ना.

"वेलकम टू ल पती पोर!" मॅडम म्हणाल्या. वेटर दोघेही गावच्या जत्रेला गेले होते, म्हणून स्वतःच वाढत होत्या.

तुळशीराम त्यांच्याकडे बघून म्हणाला, "हिला विचारा, वारा लागतोय काय."

"मॅडम, तुम्हाला वारा लागतोय का?"

भामाबाईसुद्धा मॅडमकडेच बघून म्हणाल्या, "त्यांना सांगा, जन्मभर चुलीसमोर बसलो आमी. तवा कुनी वारा विचारला नाय."

मॅडम वळल्या. "सर, त्या म्हणतायत की..."

"ऐकलं," तुळशीराम म्हणाला.

मॅडमनी कुठली वाइन कशाबरोबर द्यायची याचा कोर्स केला होता. अबोल्याबरोबर काय द्यायचं, हे त्यात नव्हतं. बिचाऱ्या दोघांच्या मधे मान फिरवून फिरवून थकल्या. हिला विचारा पाव आवडला काय. त्यांना सांगा दगडापेक्षा बरा हाय. तो लांबलचक कडक पाव दोघांनी नुसता चावून संपवला, कारण तासभर दुसरं काही आलंच नव्हतं.

मग तुळशीरामने विचारलं, "माशाला काटा हाय काय?"

इथे एक सांगायला हवं. नीता मॅडम जन्मापासून शाकाहारी. आयुष्यात मासा खाल्लेला नाही, आचाऱ्याच्या भरवशावर सगळा कारभार. त्यांच्या लेखी काटा म्हणजे फक्त मी.

"ऑफ कोर्स, सर!" त्यांचा चेहरा उजळला. "आमच्याकडे माशाला स्पेशल काटा असतो." आणि मला उचलून त्याच्या नाकासमोर धरलं. "हा बघा, माशाचा काटा."

तुळशीराम माझ्याकडे बघतच राहिला. "कंच्या माशाचा?"

"सगळ्याच माशांना हाच, सर."

भामाबाईंनी पदर तोंडात कोंबला. हसू फुटत होतं, पण अबोला म्हणजे अबोला. तुळशीरामने ते हसू चोरून बघितलं आणि त्याच्या जिवात जीव आला. मीही तेव्हा खूश झालो, माझ्यामुळे एक बाई हसली म्हणून.

मासा आला. पांढरी भलीमोठी बशी, तिच्या मधोमध तळहाताएवढा तुकडा आणि कडेने पिवळ्या रसाचे थेंब. नाव एवढं लांब, की मॅडमना मधे श्वास घ्यावा लागला. दोघांनी बशीत बघितलं आणि दोघांच्याही ओठांवर एकच शब्द आला: जिताडा. खाडीचा जिताडा, चांगल्या घरी भेट म्हणून पाठवतात तो, इथे फ्रेंच नाव लावून बसलाय. एकमेकांना सांगायला दोघं तडफडत होती. भामाबाईंनी बशी नुसती अर्धा इंच पुढे सरकवली. तुळशीरामने 'ओळखला' अशी मान डोलावली.

मग त्याने मॅडमना म्हटलं, "तुमी जरा आत जावा." मॅडम गेल्या. त्याने मला उचललं. अखेर मासा खायला! मोठा तुकडा तोडून तोंडात टाकला, धीर यावा म्हणून असेल, आणि तो गिळायच्या आतच बोलायला लागला.

"भामे, त्या हळदीत मी..."

आणि थांबला. डोळे मोठे झाले, हात गळ्याकडे गेला. मी खणकन बशीत आदळलो. आचाऱ्याने माशातलं एक हाड तसंच ठेवलं होतं. माझा नावबंधू बरोबर त्या वाक्याच्या आडवा आला होता.

भामाबाई उठून उभ्या राहिल्या. "काटा! काटा अडाकला!"

मॅडम धावत आल्या. "कुठे अडकला? थांबा, दुसरा देते!" आणि खरंच माझा एक भाऊ पुढे केला.

"अवो, ह्यो नाय! त्यो!" भामाबाईंनी नवऱ्याच्या गळ्याकडे बोट दाखवलं. "घशात!"

मॅडमच्या हातातून माझा भाऊ खाली पडला. "सरांनी काटा गिळला!"

'फोर्क गिळला', 'अख्खा फोर्क' अशी बातमी टेबलाटेबलावर पोचली. खुर्च्या सरकल्या, हातात हात घातलेली सगळी जोडपी हात सोडून भोवती जमा झाली. कुणी अॅम्ब्युलन्सला फोन लावत होतं, कुणी व्हिडिओ काढत होतं. मी बशीत ढळढळीत पडलेलो होतो, मोजायला गेले असते तर मिळालोही असतो. पण लोकांना खरं बघण्यापेक्षा भयंकर ऐकायला आवडतं.

"भात आना! सुका भात!" भामाबाई ओरडल्या.

"भात नाहीये हो, आपण फ्रेंच आहोत!"

"मंग पाव आना!"

"तो ओव्हनमध्ये आहे!"

भामाबाईंनी पुढे ऐकलंच नाही. बॅग खेचून टेबलावर घेतली, साड्या उपसून खुर्चीवर टाकल्या आणि तळातून फडक्यात बांधलेली भाकरी काढली. भावाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून पहाटे भाजलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. एक मोठा तुकडा तोडला, मुठीत दाबून गोळा केला आणि नवऱ्याची हनुवटी धरली.

"आ करा."

कितीतरी महिन्यांनी त्या त्याच्याशी थेट बोलल्या होत्या. त्याने आ केला.

"चावू नका. गिळा."

शेजारच्या टेबलावर दातांच्या डॉक्टर होत्या. त्या म्हणाल्या, "असं करू नये, धोकादायक असतं." भामाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. डॉक्टर बसल्या. तुळशीरामने एक गोळा गिळला, दुसरा गिळला, तिसऱ्याला त्याचे खांदे खाली आले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"गेला?"

त्याने मान डोलावली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आजून दे."

"काटा गेला ना?"

"गेला. भाकर दे."

भामाबाईंनी भाकरी दिली. तो ती सावकाश चावून खाऊ लागला. आसपासची मंडळी भोवती उभी राहून बघत होती. खाऊन झाल्यावर त्याने तोंड पुसलं आणि जमलेल्या माणसांकडे वळून म्हणाला, "ऐका. माझ्या बायकोच्या हाताला..."

"थांबा," भामाबाई म्हणाल्या.

तो थांबला.

"ही मानसं आपली हायत काय? यांना काय ठावं, त्या दिशी कोन हसला नि कोन गप बसला? यांच्यासमोर बोलून तुमाला सोपा, मना काय त्याचा?" त्यांनी खुर्चीवरच्या साड्या आणि टेबलावरचं फडकं एकत्र गोळा करून बॅगेत कोंबलं. त्या गडबडीत बशीतला मीही फडक्यात अडकून आत गेलो. "रिक्षा आली असल माझी."

बाहेर हॉर्न वाजला. मॅडमचा एकांत फुकट गेला, चारचौघेही फुकट गेले. मला वाटलं, संपलं.

"चल," तुळशीराम म्हणाला. "मी पन येतो."

"कुठं?"

"कोनला. तुज्या भावाच्या दारात."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा काहीतरी फ्रेंच शेवट आहे.

चेन उघडीच राहिलेली बॅग रिक्षात दोघांच्या मधे होती, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं आणि ऐकू आलं. एक्स्प्रेसवे जवळ आला. डोक्यावरून विमान गेलं तेव्हा तो म्हणाला, "तुजा भाऊ मना दारात उबा करल."

"करल," भामाबाई म्हणाल्या.

"मंग दारातनं बोलीन."

कोनला भावाची ओटी माणसांनी भरलेली होती. बहीण कायमची येतेय म्हटल्यावर सगळी भावकी जमली होती, त्यातले निम्मे त्या हळदीत पंगतीला होते. भाऊ काळूराम उभा राहिला, पण 'या' म्हणाला नाही. तुळशीराम अंगणातच थांबला. घसा सोललेला, आवाज फाटका, तरी ओरडून बोलला, शेजारच्या घरातले लोकही दारात आले.

"त्या हळदीत मी बोललो, भामाच्या हाताची चव गेली. खोटं बोललो. पंगत हसली, मना बरा वाटला, म्हनून बोललो. तीस वर्सं त्या हाताचा जेवलो आनि एकदा चांगला म्हटला नाय. ते आज म्हनतो. मागचा मागं घेतो. तुमी समद्यांनी ऐकला ना?"

काळूरामची बायको ठमाबाई डोळे पुसत होती. सगळे भामाबाईंकडे बघत होते.

भामाबाई ओटीवर चढल्या, आत गेल्या आणि तांब्या घेऊन बाहेर आल्या. "वर या आता," त्या म्हणाल्या. "पानी घ्या. घसा बसलाय तुमचा."

दुसऱ्या दिवशी ती दोघं उलव्याला परत गेली. बॅग उपसून पुन्हा भरली, तेव्हा मी कोनच्या फडताळात राहिलो. ठमाबाई मला 'त्यो पंजा' म्हणते. मोरावळ्याचे आवळे टोचायचे, करंजीच्या कडा दाबायच्या आणि मोरीची जाळी तुंबली की ती मोकळी करायची, अशी माझी कामं. ज्या खाचेचा अर्थ भाईंदरला कळला नाही, तिच्यात मोरीतले केस फार छान अडकतात. पाठीवरचं 'पॅरिस' घासून गेलंय, आता नुसतं 'पॅ' उरलंय.

नीता मॅडम, एक विनंती आहे. तुमच्या डबीत सहाच्या जागी पाच भाऊ भरत असतील, तर मला शोधू नका. तुमच्या मेणबत्तीशेजारी मी प्रेमाची पुष्कळ वाक्यं ऐकली, सगळी अगदी हळू आवाजातली, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नयेत अशी. ओरडून बोललेलं मी एकच ऐकलं, ते कोनच्या अंगणात. ज्या घरात ते ऐकलं, तिथेच मला गंजू द्या.